अर्धा श्वास

माणसाचं खरं माप घेणं किती कठीण असतं हे मला कोणी शिकवायला नको, असं मला वाटायचं. लग्न होऊन घोडपदेवला आले तेव्हापासून मी ब्लाऊज शिवतेय. आधी चाळीतल्या बायका यायच्या, मग मागच्या इमारतीतल्या, आणि आता जुनी चाळ पाडून बांधलेल्या टॉवरमधल्याही येतात. बाई कितीही शिकलेली असो, कितीही पगाराची असो, कमरेला टेप लागला की पोट आत घेतेच. "ताई, पोट सोडा," हे मी जितक्या वेळा म्हटलं असेल तितक्या वेळा देवाचं नावही घेतलेलं नाही. तरी परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात, सोनोग्राफीच्या अंधाऱ्या, थंडगार खोलीत, माझ्या मुलीच्या वयाच्या एका डॉक्टर मॅडमनी मला माप म्हणजे काय ते दाखवलं. त्यांच्याबद्दल लिहायचं कधीपासून मनात आहे. मी सहसा कोणाचं कौतुक करत नाही, असं घरचे म्हणतात. आज करते.

सुरुवात आमच्या ह्यांच्यापासून करायला हवी, कारण पोट त्यांचं होतं.

हे मूळचे मालवणकडचे, पण वाढले लालबागला, आणि त्या काळचा लालबागचा मुलगा कबड्डी खेळणार नाही तर काय करणार! ह्यांची ख्याती दमाची. चढाईला गेले की समोरचे गडी नुसते मागे मागे सरकत राहायचे, ह्यांचा दम कधी सुटतो त्याची वाट बघत, आणि तो काही सुटायचा नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, लग्नाआधीची गोष्ट आहे. पण ऐकली इतक्या वेळा आहे की मैदानाच्या कडेला मीच शेंगदाणे खात बसले होते असं आता मला वाटतं. आजही एखादं लग्न असो की बारसं, जुने दोस्त भेटले की कोणीतरी म्हणतोच, "तुझा दम म्हणजे दम होता रे!" आणि हे लाजल्यासारखं करतात. लाजत वगैरे काही नाहीत.

नोकरी मात्र मैदानापासून लांब. विजेचे उंच मनोरे उभे करून तारा ओढणाऱ्या कंपनीत हे फिटर होते, आणि त्यांची बरीचशी वर्षं ओडिशाच्या जंगलात गेली. तिथे मलेरिया म्हणजे आपल्याकडची सर्दी. ताप आला, गोळ्या खाल्ल्या, उतरला, पुन्हा मनोऱ्यावर. सुट्टीला घरी यायचे तेही बहुतेक वेळा तापातच. मी चिडायचे, हे हसायचे. मग निवृत्त झाले, कायमचे घरी आले, आणि आता तरी माणूस अंगाने भरेल असं मला वाटलं, तर उलटंच व्हायला लागलं. अर्धी भाकरी खाल्ली की ताट सरकवायचे. मासे असले तरी! मालवणी माणूस बांगड्याला नको म्हणायला लागला की समजावं, काहीतरी बिघडलंय. संध्याकाळी अंगात कणकण. आणि शर्ट. शर्टाची बटणं सरळ रेषेत बसेनात, डाव्या बाजूने कापड ओढल्यासारखं व्हायला लागलं. सगळं पोट सुटलं असतं तर मी समजू शकले असते. एकाच बाजूने सुटलेलं पोट मी कधी पाहिलं नव्हतं.

जवळच्या डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि लगेच सोनोग्राफीला पाठवलं. ती आमच्या बाजूच्याच एका लहान सेंटरमध्ये झाली. मी बाहेर बसले होते. हे बाहेर आले ते छाती पुढे काढून. रिपोर्टात लिहिलं होतं की पाणथरी वाढलीय, लांबी सतरा सेंटीमीटर.

पाणथरी हा शब्द मला सासूबाईंमुळे ठाऊक होता. गावाकडे पोरांना ताप येऊन येऊन पोट फुगलं की त्या म्हणायच्या, "पाणथरी वाढली." ती नक्की असते कुठे, करते काय, हे मात्र मला परळला कळलं. तिथल्या रक्ताच्या डॉक्टरांकडे आम्हाला पाठवलं होतं. पांढऱ्या केसांचे, हळू बोलणारे गृहस्थ. सगळे त्यांना सर म्हणायचे म्हणून आम्हीही सर म्हणायला लागलो. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. डावीकडे बरगड्यांच्या आत ती असते, रक्तातल्या जुन्या झालेल्या पेशी गाळते. धडधाकट माणसाची मुठीएवढी. ह्यांची वाढून बरगड्यांबाहेर आली होती आणि जठरावर दाबून बसली होती, म्हणून भाकरी जात नव्हती. शिवाय ती चांगलं रक्तही गाळून टाकत होती.

"वारंवार मलेरिया होऊन कधी कधी असं होतं," सर म्हणाले. "पण हे मलेरियाचंच आहे असं सांगणारी एक सोपी तपासणी नाही. आपण मलेरियाचं औषध काही महिने देऊ आणि पाणथरी मोजू. लहान झाली तर मलेरियाची. मग गोळ्या चालू ठेवायच्या, बाकी काही नाही."

"आणि नाही झाली तर?" मी विचारलं.

"तर दुसरं काहीतरी आहे. मग ऑपरेशन करून ती काढावी लागेल आणि तपासायला पाठवावी लागेल. ह्यांचं रक्त लवकर गोठत नाही, त्यामुळे ते ऑपरेशन मला सहजासहजी करायचं नाही."

परळमध्ये, कॅन्सरच्या हॉस्पिटलाजवळ, 'दुसरं काहीतरी' म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर कुठकुठून आलेली माणसं चटया टाकून बसलेली असतात. हे त्यांच्यामधून वाट काढत बस स्टॉपवर आले आणि म्हणाले, "चल, आज भायखळ्यापर्यंत चालत जाऊ." मी म्हटलं, चला.

मग गोळ्या सुरू झाल्या. दर रविवारी एक घ्यायची होती, कडूजहर. ताप थांबला. भाकरी अर्धीची पाऊण झाली. शर्टाची बटणंही जरा सरळ दिसायला लागली, पण माझा त्यावर विश्वास बसेना. वजनही उतरलं होतं, आणि वाळलेलं शरीर शर्टात सैलच दिसतं. मी रोज नजरेने त्यांचं माप घ्यायचे आणि रोज वेगळं उत्तर यायचं. एक दिवस वाटायचं, कमी झालंय. दुसऱ्या दिवशी वाटायचं, छे, तसंच आहे. सगळं त्या पुढच्या सोनोग्राफीवर अडलं होतं.

ती सरांच्याच हॉस्पिटलात होती. ह्यांना एका कानाने कमी ऐकू येतं, म्हणून मलाही आत घेतलं. मॅडम लहानखुऱ्या, बाह्या वर सारलेल्या, आवाज शांत पण ऐकून घ्यायला लावणारा. मी शहाण्यासारखी फाइल पुढे केली.

"ती राहू दे काकू. नंतर बघते."

"मागचं माप आहे त्यात," मी म्हटलं.

"म्हणूनच नको."

मला राग आला. माझ्याकडे बाई येते ती मापाचं ब्लाऊज घेऊन येते. ते बघायचं, टेप लावायचा, काय बदललं ते टिपायचं. आधीचं माप बाजूला ठेवून कोणी काम करतं का? मी तसं बोलूनही दाखवलं. ह्यांनी टेबलावर पडल्या पडल्या मला डोळ्यांनी दटावलं. मॅडमना मात्र राग आला नाही. जेलीची बाटली हलवत म्हणाल्या, "आधीचा आकडा डोक्यात असला ना काकू, की हात आपोआप तिकडे जातो. मलाही कळत नाही कधी जातो ते. म्हणून आधी मी मोजते, मग वाचते."

हे ऐकल्यावर मी गप्प बसले. पटलं म्हणून नव्हे. मापाच्या ब्लाऊजवर टेप लावताना माझा हात कुठे जातो याचा विचार मी कधी केलाच नव्हता, आणि तो तिथे बसून करायला लागले.

ह्यांना उजव्या कुशीवर वळवलं, डावा हात डोक्यावर. बरगड्यांवर जेली लावून मॅडमनी मशीनचा तो हातात धरायचा तुकडा टेकवला. पडद्यावर राखाडी ढगांसारखं काहीतरी हलायला लागलं.

"श्वास घ्या. धरा."

ह्यांनी श्वास घेतला. घेतला म्हणजे काय, खोलीतली सगळी हवा घेतली. छाती पिंपासारखी फुगली, गळ्याच्या शिरा वर आल्या. मॅडम पडद्याकडे बघत राहिल्या. "सोडा." पुन्हा तसंच. "काका, एवढा मोठा नको." तिसऱ्या वेळी ह्यांनी आणखी मोठा घेतला. मला हसू यायला लागलं, आणि त्या खोलीत हसायची लाजही वाटायला लागली.

मॅडमनी हात उचलला. "पोहायचात का तुम्ही?"

"कबड्डी," हे भिंतीकडे तोंड करून म्हणाले. त्या अवस्थेतही आवाजात रुबाब होता.

दुसरं कोणी असतं तर वैतागलं असतं. बाहेर माणसांची रांग होती, मी स्वतः पाहिली होती. मॅडमनी पडदा आमच्याकडे वळवला, ह्यांना मान वळवून बघायला लावलं आणि समजावून सांगितलं. "आपण मोठा श्वास घेतला की फुप्फुस हवेने भरून खाली उतरतं. हे मशीन हवेच्या पलीकडचं बघू शकत नाही. पडदा ओढल्यासारखं होतं. ही तुमची पाणथरी. हे खालचं टोक दिसतंय. वरचं टोक त्या हवेच्या पडद्याआड गेलं. मला अर्धा श्वास हवाय."

अर्धा श्वास! जन्मभर ज्या माणसाने एक तर पूर्ण दम धरला नाहीतर सोडला, त्याला अर्धा कुठून यावा? एकदा फारच कमी घेतला, एकदा अर्ध्यावर थांबायला गेले आणि ठसका लागला. घामाघूम झाले. मॅडम म्हणाल्या, "चहा पिता ना?"

"सकाळपासून नाही प्यायलो. उपाशी यायला सांगितलंय."

"मग आत्ता समजा बाहेर चहा उकळतोय. वास येतोय का बघा. तेवढाच श्वास. आता धरा."

आणि जमला. त्यांचं नाक जरासं हललं, बरगड्या जराशा उचलल्या आणि तिथेच थांबल्या. मॅडमनी चित्र थांबवलं, दोन टोकांना दोन खुणा ठेवल्या. मग हात उचलला, जेली पुन्हा लावली आणि सगळं पहिल्यापासून केलं. मग आणखी एकदा. एकदाही आकडा तोंडातून काढला नाही, चेहऱ्यावरही येऊ दिला नाही. मी ते बघत होते. टेप दोनदा लावायचा कंटाळा येऊन मी कितीदा पहिल्याच मापावर कात्री चालवलीय, ते मला माहीत आहे. इथे ही पोरगी, हो, माझ्या लेखी पोरगीच, बाहेर रांग असताना पहिलं माप जणू घेतलंच नाही अशी नव्याने दुसरं घेत होती.

मग त्यांनी हात पुसले आणि फाइल उघडली.

"आजचं सतराच्या जरा वर," त्या म्हणाल्या. "मागचं सतरा."

इतके महिने, इतके रविवार, आणि तेवढीच? जरा वरच! ह्यांनी शर्ट घालायला घेतला आणि बटण चुकीच्या काजात घातलं. मी पुढे होऊन ते काढून नीट लावलं.

मॅडम मात्र अजून रिपोर्टाकडेच बघत होत्या. "काका, मागच्या वेळीही मोठाच श्वास धरला होतात? मघाशी सुरुवातीला धरत होतात तसा?"

"तेव्हा? तेव्हा तर एक नंबर धरला होता. तिथले डॉक्टर म्हणाले, काका, या वयात काय दम आहे!"

"मागच्या फिल्म आहेत का?"

होत्या. मी कापडाचा तुकडा टाकत नाही, फिल्म कशी टाकेन? मॅडमनी त्या दिव्यासमोर धरल्या आणि मला जवळ बोलावलं. पाणथरीची खालची कड लख्ख दिसत होती. वर जाता जाता ती एका धुरकट सावलीत शिरत होती आणि सावली जिथे सुरू होते, बरोबर तिथे मोजणीची दुसरी खूण होती.

"इथे पाणथरी संपलेली नाही," मॅडम म्हणाल्या. "इथे दिसायचं संपलंय."

मला एका क्षणात कळलं. "म्हणजे तेव्हा ती सतराहून मोठी होती! म्हणजे कमी झालीय!"

"मोठी होती एवढं नक्की. किती मोठी, ते मला सांगता येणार नाही."

"अंदाजाने सांगा. वीस? बावीस?"

"नाही सांगता येणार."

"अहो, अंदाजाने लिहा ना! तुम्ही एवढ्या शिकलेल्या, तुम्हाला एवढं कळतंय, मग दोन ओळी लिहायला काय जातं? तिकडे सर ऑपरेशनची तारीख देतील." माझा आवाज चढला होता. बाहेरच्यांनाही ऐकू गेला असेल.

"जे मला दिसलं नाही ते मी नाही लिहिणार, काकू." आवाज तसाच शांत. "आज मी वीस लिहिलं आणि होती अठरा, तर? खरं काही दुसरं असलं तर ते माझ्या त्या वीसच्या मागे लपून राहील. मागचं माप अपुरं होतं, त्याच्याशी तुलना करता येत नाही, असं मी लिहिते. आणि सरांशी बोलते."

तेव्हा मी त्यांच्यावर जेवढी रागावले तेवढी आयुष्यात कोणा डॉक्टरवर रागावलेली नाही. आणि आज सांगते, तेवढं मनापासून मी कोणाला मानलेलंही नाही. गिऱ्हाईक हट्टाला पेटलं की मी ढिली पडते. "बरं बाई, घेते अर्धा इंच आत," म्हणते, आणि मग ब्लाऊज काखेत उसवतं. ह्या बाईने माझं रडवेलं तोंड समोर असताना अर्धा सेंटीमीटरही दिला नाही.

फोन त्यांनी आमच्यासमोरच केला. सरांचं ऐकू आलं नाही, मॅडमचं आलं. "सर, तुलना कशाशीच होत नाही आपली. आजचं माप पक्कं आहे, ते पहिलं धरू. मला पुढचं याच पद्धतीने घेऊ दे." मग बराच वेळ ऐकत राहिल्या. फोन ठेवून आम्हाला म्हणाल्या, "रक्ताचे रिपोर्ट थोडे सुधारलेत म्हणून सर थांबायला तयार आहेत. दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा मोजू. आजच्यापेक्षा कमी भरली तर ऑपरेशन नाही. तेवढीच राहिली, तर मात्र करायचंच. आणि थांबण्यात काहीच धोका नाही असं मी म्हणणार नाही."

गोड बोलून पाठवलं असतं तर बरं वाटलं असतं. पण खरं सांगितलं, म्हणून घरी येईपर्यंत डोकं ताळ्यावर आलं.

घरी आल्यावर मात्र मी ह्यांना धारेवर धरलं. "मेडल मिळणार होतं का तिथे? मशीनसमोर कसला दम दाखवायचा होता? नीट श्वास घेतला असता तर आज सुटलो असतो!" हे ऐकून घेत होते. नेहमी दोन शब्द परत करणारा माणूस, त्या दिवशी नाही. मग म्हणाले, "भियालंय गो मी. ती मशीन, ती जेली, तो काळोख. डॉक्टर म्हणाला धरा. घाबरल्यावर मला एकच गोष्ट येते, तीच केली."

इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस घाबरलो म्हणाला नव्हता. मनोऱ्यावरून सहकारी पडला तेव्हाही नाही. मी उठून चहा टाकला आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

त्यांनी मात्र काढला. रोज सकाळी गॅलरीत स्टुलावर बसायचे, उजवीकडे कलून, डावा हात डोक्यावर, आणि आत चहा उकळायला लागला की अर्धा श्वास घेऊन थांबायचे. शेजारच्या वहिनी कपडे वाळत घालताना विचारायच्या, "काय भावोजी, नवीन योगासन काय?"

"नाय वो. परीक्षा आहे."

"कसली?"

"दम कमी धरायची," हे म्हणायचे आणि पुन्हा नाक हलवायचे.

मी आतून बघायचे. ज्या माणसाचं नाव मोठ्या दमामुळे झालं, तो म्हातारपणी लहान श्वास शिकत होता, आणि एवढं मन लावून! कोणी टाळ्या वाजवणार नव्हतं. मला त्या मॅडमचं कौतुक वाटत होतं तसंच ह्यांचंही वाटायला लागलं. तोंडावर सांगितलं नाही. डोक्यावर बसतील.

पुन्हा परळ. पुन्हा तीच खोली. यावेळी मी फाइल पुढे केली नाही, पिशवीतच ठेवली. मॅडमनी ह्यांना ओळखलं, "कबड्डी!" म्हणाल्या, पण मागच्या वेळी स्वतःच घेतलेलं मापही उघडून बघितलं नाही. दुसऱ्याच्या मापावर विश्वास नसणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. स्वतःच्या मापालाही तोच नियम लावणारी ही एकच.

"श्वास घ्या. धरा."

बरगड्या जराशा उचलल्या आणि थांबल्या. पहिल्याच फटक्यात. मॅडमच्या भुवया वर गेल्या. एकदा मोजलं, पुसलं, दुसऱ्यांदा मोजलं, पुसलं, तिसऱ्यांदा मोजलं. मशीनची घरघर तेवढी ऐकू येत होती. मी पडद्याकडे बघायचं नाही असं ठरवून ह्यांच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. तो ताठ झाला होता.

मॅडमनी पिशवीकडे हात केला. मी फाइल दिली. त्यांनी पान उलटलं, पडद्याकडे बघितलं, पुन्हा पानाकडे.

"चौदा," त्या म्हणाल्या. "तिन्ही वेळा चौदाच्या आसपास. मागच्या वेळी सतराच्या जरा वर होती. हे मी लिहून देते, आता तुलना होते. काका, औषध लागू पडलंय."

"काढायची नाही ना मग?" ह्यांनी भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं.

"नाही काढायची. गोळ्या चालू."

ह्यांची पाठ हलत होती. मी कागद घेऊन त्यांच्या पोटावरची जेली पुसायला लागले. मला रडायचं नव्हतं आणि मी रडत होते. मॅडमनी आम्हाला उठा म्हटलं नाही. उलट ह्यांना उताणं केलं, गुडघे जरा वर घ्यायला लावले आणि मला म्हणाल्या, "काकू, हात द्या."

त्यांनी माझी बोटं ह्यांच्या डाव्या बरगडीखाली टेकवली आणि वरून हलकेच दाबली. मऊ पोट लागत होतं, दुसरं काही नाही.

"काही लागतंय?"

"नाही."

"पहिल्यांदा आलात तेव्हा पार खालपर्यंत हाताला लागत असणार. आता काका, श्वास घ्या. अर्धा नाही, घ्यायचा तेवढा घ्या."

ह्यांनी घेतला. छाती भरली, भरतच राहिली, आणि आतून काहीतरी सरकत खाली आलं आणि माझ्या बोटांच्या टोकांना अगदी हळू लागलं. गोलसर कड होती. जिच्यापायी इतके महिने घरात कोणी मोठ्याने हसलं नव्हतं, ती एवढीशी. ह्यांनी श्वास सोडला तशी ती पुन्हा बरगडीआड गेली.

बाहेर रांग होती. मला माहीत होतं. तरी मी हात काढला नाही.

"अहो," मी म्हटलं, "अजून एकदा."

ह्यांनी पुन्हा श्वास घेतला.